बंदुकांची घडवंची

आमच्या घरात शस्त्रे म्हणाल तर तीन. विळी, अडकित्ता आणि वडिलांच्या वेळचा एक गंजका वस्तरा. खंडेनवमीला या तिघांना हळदकुंकू लावून झेंडूचे एकेक फूल वाहिले की आमचा क्षात्रधर्म वर्षभरापुरता संपला! अशा माणसाने ऐन पावसात कोडगूला जाऊन आठवडाभर बंदुका ठेवायची लाकडी मांडणी बनवण्यात घालवावा, हे ऐकून आमच्या इमारतीतली मंडळी अजून हसतात. हसोत बापडी. पण त्या आठ दिवसांत मी जे पाहिले, ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा माझा मित्र कोडगूचा. "आमची कॉफी तुम्ही पिता, आमचे घर कधी बघणार?" असे तो दर वर्षी विचारी आणि दर वर्षी मी काही सबब सांगे. गेल्या वर्षी सबबी संपल्या. ऑगस्टच्या शेवटी आम्ही दोघे निघालो. रेल्वे म्हैसूरपर्यंतच, कोडगू जिल्ह्यात आगगाडीचा रूळ नाही. म्हैसूरहून हुणसूर, पुढे नागरहोळेच्या जंगलाची कड धरून तितिमती आणि मग गोणिकोप्पल, असा सुमारे ९० किलोमीटरांचा मोटारीचा रस्ता आहे. तितिमतीच्या अलीकडे रान इतके जवळ येते की खिडकीतून हात काढावा तर फांदीच हातात यावी. पुढे रान आणि मळा यांतली सीमारेषाच पुसून जाते. उंच सिल्व्हर ओकची झाडे, त्यांच्या अंगाला बिलगून चढलेले मिऱ्यांचे वेल आणि खाली त्यांच्या सावलीत गर्द हिरवी कॉफीची झुडपे. फळे अजून कच्ची, हिरवीगार होती. पाऊस पडत होता असे म्हणण्यापेक्षा पाऊस तिथे राहायलाच होता असे म्हणावे!

मित्राचे घर म्हणजे त्यांच्या कुळाचे 'ऐनमने'. कुळाला ते लोक 'ओक्का' म्हणतात आणि कुळाच्या मूळ घराला ऐनमने. पायऱ्या चढून गेलात की लाकडी खांबांची पडवी. खांबांच्या मधल्या कठड्यावर जाड फळ्या बसवलेल्या असतात. त्यांवर बसण्याचा मान वडीलधाऱ्यांचा. आत मधला चौक, त्याच्याजवळ अखंड मान असलेला कुळाचा दिवा, आणि नैर्ऋत्य कोपऱ्यात 'कन्निकोंबरे' म्हणजे पूर्वजांची देवखोली. आपल्या कोकणातल्या जुन्या घराची आठवण पावलोपावली यावी असे ते घर. फरक एकच. आपल्या दाराआड केरसुणी उभी असते. तिथे, मित्र म्हणाला, दोन वर्षांपूर्वीपर्यंत दाराआड बंदूक उभी असे.

"आणि आता?" मी विचारले.

"आता अज्जाच्या खोलीत कपाटात. पण तिथेही कायमची राहणार नाहीत. अज्जा त्यांच्यासाठी जागा करतो आहे."

अज्जा म्हणजे आजोबा, मित्राचे वडील. त्यांची नातवंडे त्यांना ज्या नावाने हाक मारतात तेच नाव आठ दिवसांत माझ्याही तोंडी बसले. वय ७८, पण पाठीचा कणा ओळंब्यात. तोफखान्यात नोकरी झालेली, पैकी काही वर्षे आपल्या देवळालीला. त्यामुळे मला पाहताच ते चक्क मराठीत म्हणाले, "या, बसा, चहा घ्या." त्यापुढची मराठी संपली आणि फौजी हिंदी सुरू झाली. ज्या जिल्ह्याने देशाला पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा दिले, जनरल थिमय्या दिले, त्या जिल्ह्यात घरटी एखादा फौजी असणे ही नवलाची गोष्ट नव्हे.

पडवीत एका घडवंचीचा सांगाडा उभा होता. घडवंची हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आजीच्या स्वयंपाकघरात पाण्याचे हंडे-कळशा ओळीने ठेवायला लाकडी घडवंची असे ना, तिच्याच जातीची ही वस्तू. फक्त हिच्यावर पाण्याऐवजी बंदुका उभ्या राहायच्या. अज्जांनी मला विचारले, "सुतारकाम येते?" शाळेत सुतारकामाचा तास होता, त्यात मी एक पाट केला होता आणि तो डुगडुगत असे, हे मी प्रामाणिकपणे सांगितले. ते म्हणाले, "मग फळी धरा." अशी माझी नेमणूक झाली.

लाकूड फणसाचे. २०१८च्या ऑगस्टात कोडगूत अतिवृष्टी झाली, दरडी कोसळल्या, घरे गेली. त्या पावसात यांच्या मळ्यातला एक जुना फणस आडवा झाला. त्याच्या फळ्या काढून माळ्यावर ठेवल्या होत्या. ओल्या लाकडाचे काही करू नये, ते वाळताना आक्रसते आणि पीळ खाते. फणसाचा गाभा ताजा असताना हळदीसारखा पिवळा असतो, वर्षांमागून वर्षे तपकिरी होत जातो आणि वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. रंधा मारला की वरचा तपकिरी पापुद्रा निघे आणि खालून पुन्हा तो पिवळा रंग हसे.

मांडणीची रचना समजायला सोपी आहे. दोन बाजूंना दोन उभ्या फळ्या. खाली एक उथळ पेटी, तिच्यात बंदुकीच्या दस्त्याची टाच टेकायची. वर, साधारण अडीच फुटांवर, एक आडवी पट्टी; तिला अर्धगोल खाचा. नळी त्या खाचेत रेलायची. वरची पट्टी किंचित मागे बसवायची, म्हणजे बंदूक स्वतःच्या वजनाने मागेच झुकते, पुढे कलंडत नाही. दोन खाचांमध्ये पाच इंच अंतर, म्हणजे एक उचलताना दुसरीला धक्का लागत नाही. मागची बाजू भिंतीपासून चार बोटे सुटी, कारण पावसाळ्यात तिथल्या भिंती पाझरतात आणि पोलादाचा पहिला वैरी ओल.

खाचा सारख्या नव्हत्या. घरात तीन हत्यारे, तिघांच्या नावांवर. एक बारा बोअरची दुनळी, एक एकनळी आणि एक .२२ची रायफल. 'बारा बोअर' हा शब्द आपण शिकारकथांतून शंभरदा वाचलेला असतो. त्याचा अर्थ मला तिथे कळला. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. रायफलीच्या नळीला आतून पिळाचे आटे असतात, त्यामुळे गोळी गरगरत सरळ जाते; बंदुकीची नळी आतून गुळगुळीत. दुनळीला दोन नळ्या शेजारी शेजारी, म्हणून तिची खाच रुंद. रायफल सडपातळ, तिची अरुंद. अज्जा प्रत्येक नळीला दोरा गुंडाळून माप घेत आणि ते फळीवर पेन्सिलीने मांडीत.

"खाचेला आतून चामडे लावू या," मी माझी अक्कल पाजळली. घरी जुन्या बॅगेचे चामडे वाया चालले होते, ते डोळ्यांपुढे आले. अज्जांनी मान हलवली. कमावलेल्या चामड्यात क्षार आणि आम्ल राहते, ते ओल धरते आणि जिथे टेकेल तिथे पोलादावर गंजाचा डाग उमटवते. लोकरीची पट्टी बरी. मग त्यांनी आतून आपली फौजेतली करडी कांबळ आणली आणि तिचा एक कोपरा कात्रीने कापला. कांबळीकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाले, "हिने मला थंडीत सांभाळले. आता यांना सांभाळील."

पण खरी मेख या सगळ्यात नव्हती. ती होती एका लोखंडी सळईत. दोन्ही बाजूंच्या उभ्या फळ्यांना समोरासमोर भोके पाडायची, त्यांतून सळई ओवायची, ती प्रत्येक बंदुकीच्या चापाभोवतीच्या कड्यातून आरपार न्यायची आणि टोकाला कुलूप ठोकायचे. मग कोणी कितीही ओढो, बंदूक जागची हलत नाही. दस्त्याच्या टाचेपासून चाप सुमारे चौदा इंचांवर असतो. पण कुठे अर्धा इंच कमी, कुठे जास्त. सगळी कडी एका ओळीत यावीत म्हणून पेटीत प्रत्येक दस्त्याखाली वेगवेगळ्या जाडीची लाकडी चकती बसवायची. तीन दिवस आम्ही या चकत्याच घासत होतो. काडतुसे अर्थात इथे नाहीत. ती दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या पेटीत, दुसऱ्या कुलपात.

चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आले की हत्यारे तीन आणि खाचा चार.

"ही चौथी कुणाची?"

अज्जा रंधा मारत राहिले. उत्तर मला संध्याकाळी स्वयंपाकघरात मिळाले. मित्राची वहिनी तांदळाच्या कण्यांचे 'कडंबुट्टू' वळत होती. बाजूला मटणाच्या रश्श्यात 'काचमपुळी' पडत होती. आपल्या आगळाच्या नात्यातली, पण शाईसारखी काळी आणि दाट आंबट वस्तू. वळता वळता तिने सगळे सांगितले.

दोन वर्षांपूर्वी पुत्तरीचा सण होता. पुत्तरी म्हणजे त्यांचे नवान्न. रात्री ठरल्या मुहूर्तावर बंदुकीचा बार काढतात आणि मग भाताची पहिली पेंढी कापतात. सगळे कुळ घरी जमले होते. बार काढून झाला, दुनळी रिकामी करून दाराआड उभी केली, मंडळी जेवायला बसली. अज्जांच्या धाकट्या भावाचा सहा वर्षांचा नातू दाराआड गेला. बंदूक त्याच्या अंगावर कोसळली. पायाचे बोट चेचले, एवढेच. बंदूक रिकामी होती. पण पोराचे रडे ऐकून आजोबा धावले, त्यांनी बंदूक उचलून पाहिली आणि मोठ्या भावाला सगळ्यांदेखत म्हणाले, "अण्णा, तुझ्या घरात बंदूक केरसुणीसारखी उभी असते." अण्णा म्हणाले, "पन्नास वर्षे उभी आहे, काही झाले नाही. रिकामी तर होती." शब्दाने शब्द वाढला. धाकट्याने पणजोबांची ठासणीची बंदूक, जी कुळाची सर्वांत जुनी वस्तू, भिंतीवरून उतरवली, खांद्यावर टाकली आणि मळ्यापलीकडच्या आपल्या घरी नेली. तेव्हापासून तो या घराची पायरी चढला नव्हता.

"आणि चौथी खाच..." मी म्हटले.

"तिचे माप आठवणीने घेतले आहे," ती म्हणाली. "मागायला मात्र कुणी जात नाही."

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर या भांडणाचे वजन कळणार नाही. १८५७ नंतर इंग्रजांनी देशभर लोकांची हत्यारे काढून घ्यायला सुरुवात केली. १८३४ साली खालसा केलेल्या कोडगूच्या लोकांना मात्र १८६१ साली मार्क कब्बन याने त्या कायद्यातून वगळले. १८७८च्या हत्यारांच्या कायद्याने आपल्याकडे सामान्य माणसाच्या घरात बंदूक राहिली नाही. कोडगूत ती राहिली. स्वातंत्र्यानंतर १९५९चा कायदा आला तरी कोडवा लोकांना आणि 'जम्मा' जमीनधारकांना, म्हणजे पूर्वी लष्करी चाकरीच्या बदल्यात वंशपरंपरेने जमीन मिळालेल्यांना, परवान्यातून सूट राहिली. केंद्र सरकारने ती २०१९ साली दहा वर्षांसाठी वाढवली आणि तिला हरकत घेणारा अर्ज कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ साली फेटाळला. सूट असल्याचा दाखला लागतो, परवाना लागत नाही.

आणि बंदूक तिथे निव्वळ हत्यार नाही. मुलगा जन्मला की एक बार. माणूस गेला की लागोपाठ दोन बार. डोंगराआडचे लोक ते ऐकून हातचे काम टाकून निघतात. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली, पण बंदुकीचा घरातला मान संपला नाही. आपल्याकडे देव्हाऱ्यातला टाक वाटणीत कुणाकडे जावा यावरून भाऊ दुरावतात ना, तसेच हे.

पाचव्या दिवशी आम्ही जवसाचे तेल चढवले. पाऊस असल्यामुळे ते वाळेना. तेलाचे फडके मी चुरगाळून कोपऱ्यात टाकले तर अज्जांनी ते उचलले, उलगडले आणि बाहेर पागोळीच्या आत दोरीवर पसरून वाळत टाकले. जवसाच्या तेलाच्या फडक्यांचा बोळा आपोआप तापतो आणि पेट घेऊ शकतो, हे मला ठाऊक नव्हते. मी ओशाळलो. ते म्हणाले, "भरलेल्या बंदुकीने अपघात कमी होतात. रिकामी समजलेल्या बंदुकीने जास्त. भरलेलीला माणूस भितो." मग बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "सरकार मला परवाना विचारत नाही. म्हणून मी तो स्वतःला विचारायला हवा होता. तो माझ्या भावाने विचारला, तर मला राग आला."

ती मांडणी म्हणजे त्यांचा परवाना होता. आणि तोंडाने न निघणारी क्षमाही होती, हे त्यांनी सांगितले नाही आणि सांगायची गरजही नव्हती.

३ सप्टेंबरला 'कैलपोळ्द'. कैल म्हणजे हत्यार, पोळ्द म्हणजे सण. मला तो शब्द ऐकून आपला पोळा आठवला, आणि योगायोग असा की भावही तोच: भाताची लावणी आटोपली, राबलेल्या अवजारांना विसावा आणि मान द्यायचा. बंदुका, रुंद पात्याचे 'ओडिकत्ती' कोयते, शेतीची अवजारे, सगळे कन्निकोंबरेत मांडतात. बंदुकीच्या नळीत खोवायचे फूल ठरलेले, 'तोक-पू', म्हणजे बंदुकीचे फूल. पाहतो तो काय, आपल्या सह्याद्रीतली कळलावी! लाल-पिवळ्या ज्वाळेसारख्या पाकळ्या, आणि कंदापासून फुलापर्यंत सगळीच विषारी. बंदुकीला शोभेल असेच फूल ते. पाहायला सुरेख आणि पोरांच्या हाताबाहेर ठेवण्याजोगे.

आदल्या संध्याकाळी घडवंची देवखोलीबाहेरच्या भिंतीशी बसवली होती. तीन खाचा भरल्या, चौथी रिकामी. सकाळी पूजेची वेळ झाली. अज्जांनी काळा 'कुप्या' घातला, कमरेला लाल रेशमी 'चेले' बांधला. घरातले सगळे उगीचच पडवीकडे जाऊन येत होते. कुणी कुणाची वाट पाहत नव्हते, असे सगळे दाखवत होते.

पाऊस थोडा उघडला होता. मळ्यातल्या वाटेवरून एक म्हातारा येताना दिसला. तसाच काळा कुप्या, तसाच ताठ कणा, खांद्यावर लांबलचक बंदूक आणि दुसऱ्या हाताशी आठएक वर्षांचा मुलगा. नंतर कळले की हा मुलगा सुतारकाम चालू असताना दोनदा कुंपणाशी येऊन पाहून गेला होता, आणि घरी जाऊन त्याने 'चार खाचा आहेत' एवढे सांगितले होते.

ते पायरीशी थांबले. अज्जाही जागचे हलले नाहीत. मग धाकट्याने खांद्यावरची बंदूक उतरवली, नळीचे तोंड आभाळाकडे केले, नळीखालचा लोखंडी गज उपसला आणि नळीत सोडला. ठासणीची बंदूक भरलेली की रिकामी हे बाहेरून कळत नाही. गज तळाला लागला तरच खात्री. आत दारू-गोळी असती तर गज वरच अडता, आवाज बद्द येता. गज घसरत गेला आणि तळाशी खणखणीत वाजला. टण्ण! लोखंडावर लोखंड. रिकामी.

"बघ, अण्णा," धाकटा म्हणाला.

"बघितले," अज्जा म्हणाले. आणि बंदूक घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

पूजा झाली, नैवेद्य झाला, मग बंदुका घडवंचीत लावायची वेळ आली. तीन नीट बसल्या. चौथी खाचेत जाईना. तांदळाच्या दाण्याएवढी खाच अरुंद पडली होती. माझा जीव खाली-वर झाला. धाकट्याने वाकून पाहिले आणि काहीतरी म्हटले. त्यावर सारे घर हसले. मित्राने मला अर्थ सांगितला: "अण्णाच्या आठवणीत पणजोबांची प्रत्येक गोष्ट थोडी लहानच असते." अज्जांनी न बोलता कानस आणली. एक भाऊ खाच घासत होता, दुसरा बंदूक धरून उभा होता, आणि तो मुलगा खाली पडणारा पिवळा भुसा ओंजळीत गोळा करत होता. मग लोकरीची पट्टी पुन्हा चिकटवली, चौघींच्या कड्यांतून सळई ओवली, कुलूप लागले. कुलपाला दोन किल्ल्या होत्या. अज्जांनी एक खिशात टाकली आणि दुसरी भावापुढे धरली.

संध्याकाळी गावच्या मैदानावर उंच झाडाला नारळ टांगून तो टिपायची शर्यत झाली. बायाही नेम धरीत होत्या. मित्राच्या वहिनीने तिसऱ्या गोळीला नारळ फोडला. मलाही आग्रह झाला. मी नम्रपणे नाही म्हटले. पण परतताना रायफल स्वच्छ पुसून, रिकामी दाखवून, खाचेत ठेवण्याचे काम अज्जांनी मला दिले, आणि एखादे पदक मिळावे तसे मला वाटले.

घरी आलो आणि पहिल्याच रविवारी फळी आणि करवत काढली. स्वयंपाकघरातली विळी, मोरीतली फिनेलची बाटली, उंदराचे औषध आणि आईच्या झोपेच्या गोळ्या, सगळी आमच्याही घरात दाराआडच उभी होती; फक्त आम्हांला ती शस्त्रे वाटत नव्हती. त्यांच्यासाठी भिंतीवर उंच, कुलपाचे छोटे फडताळ केले. ते थोडे डुगडुगते. पण त्याला दोन किल्ल्या आहेत, आणि यंदा खंडेनवमीला झेंडूचे चौथे फूल मी त्या कुलपाला वाहिले.